वायद्याची तारीख : १८६५ ची मुंबई आणि आपली बचत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले जाते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. इतिहास शिकवताना एखाद्या लढाईचे किंवा तहाचे वर्ष फळ्यावर लिहून झाले, की ते मागे वळून विचारीत, “त्या वर्षी बाजारात धान्य काय भावाने मिळत होते?” आम्हांपैकी कोणालाच उत्तर येत नसे, बहुधा त्यांनाही ते प्रत्येक वेळी ठाऊक नसावे. परंतु राज्याच्या इतिहासामागे घराचाही एक इतिहास असतो आणि तो घरखर्चाच्या वहीत लिहिलेला असतो, एवढे त्या प्रश्नाने आमच्या मनावर कायमचे ठसविले. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाला फार उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

१९५६ साली नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांतून बदलून आलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांनी तुलसी नगर आणि आसपासच्या सरकारी क्वार्टरांत आपले संसार थाटले. ‘बारासे पचास’ हे या भागाचे जुने नाव आजही वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येते. या घरांची संपत्ती ती केवढी? भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याची एखादी पॉलिसी, पोस्टातले पासबुक, लग्नातल्या बांगड्या आणि मूळ गावी भावांच्या सामाईक नावावर असलेला जमिनीचा तुकडा. एवढ्यावर मुलांची शिक्षणे झाली, मुलींची लग्ने झाली.

माझे एक काका याच वसाहतीत राहत. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या ग्रॅच्युइटीचा मोठा भाग त्यांनी १९९० च्या दशकात एका वित्तकंपनीत ठेवला. बँकेपेक्षा व्याज बरेच अधिक होते आणि ओळखीच्या चारजणांनी आधीच पैसे ठेवले होते. दोन वर्षे व्याज वेळेवर येत राहिले. तिसऱ्या वर्षी कार्यालयाच्या दाराला कुलूप दिसले. अर्ज झाले, फेऱ्या झाल्या, पैसा परत आला नाही. ठेवीची पावती मात्र काकांनी अखेरपर्यंत देवघरातल्या डब्यात जपून ठेवली होती. तिच्यावर मुदत संपण्याची तारीख सुरेख अक्षरांत छापलेली होती. काका हिशेबतपासनीस होते; दुसऱ्याच्या जमाखर्चातली चूक त्यांच्या नजरेतून सहसा सुटत नसे. मग स्वतःच्या बाबतीत असे का व्हावे, या प्रश्नाने मी आर्थिक संकटांचा इतिहास वाचू लागलो आणि वाचता वाचता १८६५ सालच्या मुंबईपर्यंत जाऊन पोहोचलो. आपल्या देशातील शेअरबाजाराचे ते पहिले मोठे संकट. त्याची हकीकत प्रथम सांगतो.

१. कापूस आणि सोने

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. त्या काळी इंग्लंडमधील गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरचे माग बंद पडू लागले. कापूस मिळेल तेथून, मिळेल त्या भावाने घेणे गिरणीमालकांना भाग पडले. साहजिकच सर्वांची दृष्टी हिंदुस्थानाकडे, म्हणजे गुजरात, खानदेश आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. हा सगळा माल मुंबई बंदरातून जात असे. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर चढली होती आणि १८६७ मध्ये ती नागपूरला पोहोचणार होती.

कापसाचा भाव तिप्पट-चौपट झाला. गाद्या-उश्या उसवून जुना कापूससुद्धा लोकांनी विकायला काढला, असे त्या काळच्या हकीकतींत सांगितले जाते. युद्धाच्या पाच वर्षांत नेहमीच्या मिळकतीपेक्षा सुमारे ८ कोटी १० लक्ष पौंड अधिक मुंबईच्या पदरात पडले, असा अंदाज पुढील इतिहासकारांनी केला आहे. त्यांतील बराच भाग सोन्याचांदीच्या रूपाने आला. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये, या भरभराटीच्या ऐन मध्यावर, प्रसिद्ध झाले हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. एखादे शहर स्वतःकडे कौतुकाने पाहू लागावे, असाच तो काळ होता.

येथपर्यंत जे घडले ते व्यापाराचे नशीब होते. त्यात दोष देण्याजोगे काही नव्हते. प्रश्न पुढचा होता. एवढा पैसा ठेवायचा कोठे?

२. कागदाचा बाजार

त्या प्रश्नाला उत्तर देणारा कायदा नुकताच झालेला होता. १८५७ मध्ये मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांना आणि १८६० मध्ये तशाच बँकांना आपल्याकडे कायद्याने मान्यता मिळाली होती. कंपनी बुडाली तर भागधारकाचे घरदार जाणार नाही, जबाबदारी शेअरच्या रकमेपुरतीच राहील, असे त्या कायद्याचे आश्वासन होते. कल्पना उत्तम होती. आजचे सारे उद्योगधंदे तिच्यावरच उभे आहेत.

मात्र शेअरची सर्व रक्कम एकदम भरावी लागत नसे. थोडा हप्ता भरून शेअर नावावर होई आणि उरलेली रक्कम कंपनी मागेल तेव्हा द्यायची असे. दहा रुपये भरणारा मनुष्य स्वतःला शंभर रुपयांचा धनी समजू लागे. वास्तविक तो नव्वद रुपयांचा देणेकरी असे.

अशा कंपन्यांचे पीक आले. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या असल्याची नोंद आहे. दहा वर्षांपूर्वी यांतील बहुतेक नव्हत्या. सर्वांत गाजलेली कंपनी होती बॅक बे रेक्लमेशनची. पश्चिमेकडील समुद्र हटवून जमीन करावयाची आणि ती विकावयाची, ही तिची योजना. ५,००० रुपये भरलेल्या तिच्या एका शेअरवर २५,००० रुपयांहून अधिक अधिमूल्य मिळाले आणि भर तेजीत हा भाव ५०,००० पर्यंत गेल्याचे सांगतात. समुद्र तेव्हा होता तेथेच होता.

या सर्व उलाढालीच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद हे सुरतेहून आलेले दलाल होते. इंग्रजी उत्तम जाणणारे, बुद्धीने तल्लख आणि हाताने उदार. बँक ऑफ बॉम्बेच्या कारभारावर त्यांचे मोठे वजन होते. ही बँक १८४० मध्ये स्थापन झालेली. तिच्या भांडवलात खुद्द सरकारचा हिस्सा. १८६३ च्या नव्या कायद्याने तिच्यावरची जुनी बंधने सैल झाली आणि शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मुभा तिला मिळाली. मग चक्र सुरू झाले. शेअर गहाण ठेवून कर्ज काढावयाचे, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यावयाचे, खरेदीमुळे भाव वाढला की वाढलेल्या भावावर पुन्हा कर्ज. कर्जाला शेअरचा आधार आणि शेअरला कर्जाचा आधार, अशी ती रचना होती.

याहून एक पायरी पुढे गेले ते वायद्याचे सौदे. अमुक तारखेला अमुक भावाने इतके शेअर घेईन, असा बोल द्यावयाचा. घेणाऱ्याजवळ पैसा नसे, देणाऱ्याजवळ पुष्कळदा शेअरही नसत. त्या तारखेपर्यंत भाव चढलेला असेल आणि मधला फरक खिशात पडेल, एवढाच दोघांचा हिशेब. अशा असंख्य वायद्यांची तारीख एकच होती : १ जुलै १८६५.

३. तारीख उजाडली

९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती ली याने शरणागती पत्करली आणि अमेरिकेतील युद्ध संपल्यात जमा झाले. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार, ही वार्ता मुंबईस पोहोचताच कापूस कोसळला. त्यामागोमाग शेअर कोसळले. मे महिन्यात पहिली मोठी पेढी बसली. १ जुलै जवळ येऊ लागला तसे ज्याने त्याने आपले वायदे मोजावयास घेतले, आणि प्रत्येकाच्या ध्यानात आले की आपण दुसऱ्याच्या पैशावर विसंबलो आहोत आणि तो दुसरा तिसऱ्याच्या. त्या दिवशी देणी कोणालाच देता येईनात. दिवाळखोरांची संख्या इतकी झाली, की त्यांची प्रकरणे मिटविण्यासाठी सरकारला त्याच वर्षी स्वतंत्र कायदा करावा लागला.

बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांवर गेला होता, तो ८७ रुपयांना विकला जाऊ लागला. १८६८ मध्ये ती बँक अवसायनात निघाली आणि त्याच नावाची नवी बँक उभारण्यात आली. जुन्या बँकेच्या भांडवलाचा बहुतेक भाग बुडीत कर्जांत गेला होता. १८६४ च्या शिरगणतीत ८,१६,५६२ असलेली मुंबईची लोकसंख्या १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. कामासाठी आलेली माणसे परत गेली होती.

या बुडालेल्यांत केवळ लोभी सटोडियेच होते असे समजणे अन्यायाचे होईल. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे उदाहरण घ्या. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील ते पदवीधर. गरिबांना मोफत औषध देणारे धन्वंतरी, शिलालेखांचे आणि नाण्यांचे जाणकार, स्त्रीशिक्षणाचे कैवारी. त्यांची मोठी मिळकत या शेअरांच्या लाटेत गेली. त्यांनी विद्याव्यासंग सोडला नाही आणि लोकांचा विश्वासही गमावला नाही. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचेच नाव आहे. पण इतक्या चिकित्सक बुद्धीच्या मनुष्यालाही तेजीच्या दिवसांत आपल्या पैशाची चिकित्सा साधली नाही, हे आपण विसरू नये. माझ्या काकांविषयीचा राग ही हकीकत वाचल्यावर पुष्कळ निवळला.

प्रेमचंद रायचंद यांचेही १८६६ मध्ये दिवाळे निघाले. तत्पूर्वी, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लक्ष आणि मनोऱ्यासाठी दोन लक्ष रुपये दिले होते. त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्या मनोऱ्याच्या घड्याळाकडे पाहणाऱ्या किती लोकांना तो कोणत्या पैशातून उभा राहिला हे ठाऊक असेल, कोण जाणे.

४. ज्यांनी शेअर पाहिलाही नव्हता

संकटाचा इतिहास बहुधा शहरातल्या पेढ्यांपाशी थांबतो. गुरुजींनी तेथे थांबू दिले नसते. कापूस पिकविणाऱ्याचे काय झाले, असे त्यांनी नक्की विचारले असते.

तेजीच्या वर्षांत दख्खनच्या शेतकऱ्याला सावकार आपण होऊन कर्ज देत होता, कारण जमीन आणि पीक दोन्ही महाग होती. लग्ने थाटात झाली, बैल घेतले गेले, विहिरी खोदल्या गेल्या. पुढे भाव उतरले. कर्जाचा आकडा मात्र उतरला नाही. त्यातच जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी काही तालुक्यांत चढ्या भावांवर नजर ठेवून झाली आणि सारा मोठ्या प्रमाणात वाढला. दहा वर्षे हा ताण साचत गेला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावोगावी कर्जखते हिसकावून जाळण्यात आली. बहुतेक ठिकाणी जमावाला हवे होते ते कागदच. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

मुंबईतील वायदा एका दिवसात फुटला. सुप्याचा वायदा फुटण्यास दहा वर्षे लागली. पण दोन्हींची घडण सारखीच होती. आज चढलेला भाव उद्याही राहील असे धरून कोणीतरी परतफेडीची तारीख मान्य केली होती.

५. संकटानंतरचा पैसा

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. पोळल्यानंतर लोकांनी पैसा कोठे नेला?

पुष्कळांनी तो सोन्यात, घरात आणि सरकारी रोख्यांत घातला. नोकरदार, शिक्षक, कारकून यांच्यासाठी १ एप्रिल १८८२ पासून पोस्टाची बचत बँक सुरू झाली. लहान गावातल्या माणसालाही सुरक्षित बचतीची सोय उपलब्ध झाली. शेअरदलालांनी १८७५ मध्ये आपली संस्था स्थापन केली आणि त्यातून आजचा मुंबई शेअरबाजार उभा राहिला. बाजाराला नियम हवेत हे ज्ञान दिवाळ्यानंतर येते, आधी येत नाही.

आपल्या माळव्याने या काळात काय केले, हे येथील श्रोत्यांना सांगितले पाहिजे. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर, दुसरे, हे पैशाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर म्हणून प्रसिद्ध होते. १८७० मध्ये त्यांनी खंडवा ते इंदूर रेल्वेसाठी एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. व्याज साडेचार टक्के आणि मुदत १०१ वर्षे. मुंबईचे वायदे काही महिन्यांचे होते आणि त्यांच्या पाठीशी समुद्राचे पाणी होते. या कर्जाच्या पाठीशी सरकारची हमी होती आणि घाटातून धावणारी गाडी होती. भोपाळच्या बेगमांनीही इटारसीहून भोपाळला येणाऱ्या लोहमार्गासाठी मोठी रक्कम दिली आणि १८८० च्या दशकात आपले शहर रेल्वेने जोडले गेले. अर्थात १०१ वर्षांचा करारही काळाच्या पुढे जात नाही. १९७१ साल येण्यापूर्वीच, १९४८ मध्ये, होळकरांचे राज्य मध्यभारतात विलीन झाले होते. रेल्वे मात्र राहिली.

दुसरे उदाहरण नागपूरचे. १८६५ च्या पडझडीत जमशेटजी टाटा हे तरुण गृहस्थ लंडनमध्ये होते. त्यांच्याजवळचे रोखे पाहता पाहता कवडीमोल झाले. त्यांनी धनकोंपासून काही लपविले नाही आणि त्यांच्या सरळपणामुळे सवलत मिळाली. त्यांच्या वडिलांच्या पेढीला १८६८ मधील ॲबिसिनियाच्या मोहिमेच्या कंत्राटाने पुन्हा उभे केले. पुढे जमशेटजींनी पैसा गुंतविला तो कापसाच्या भावात नव्हे, तर कापसाच्या कामात. १८७४ मध्ये कंपनी स्थापून त्यांनी नागपूरला गिरणी बांधावयास घेतली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबईपासून इतक्या दूर, दलदलीच्या जमिनीवर गिरणी बांधणे म्हणजे खड्ड्यात सोने ओतणे होय, असे म्हणून एका स्थानिक सावकाराने भांडवल देण्याचे नाकारले आणि पुढे, टाटांनी माती घालून सोने काढले अशी कबुली दिली, असा किस्सा त्यांच्या चरित्रात येतो. या गिरणीच्या शेअरवर कोणतीही तारीख लिहिलेली नव्हती. कापड विकले तर लाभांश, न विकले तर नाही. त्यामुळे भागधारकाला थांबता येत होते.

याच परंपरेत १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी निघाली. लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, तेव्हा स्वदेशीच्या त्या वातावरणात सुमारे ८,००० हिंदी भागधारकांनी तीन आठवड्यांत ते उभे केले. खेळत्या भांडवलासाठी काढलेले ४ लक्ष पौंडांचे सर्व कर्जरोखे एकट्या ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी घेतले. ही कंपनीदेखील १९२४ मध्ये बुडण्याच्या बेतात आली होती. तेव्हा सर दोराबजी टाटा यांनी आपली खासगी मालमत्ता तारण ठेवली आणि त्याच वर्षी सरकारने संरक्षक जकात बसविली. चांगल्या धंद्यालाही वाईट वर्षे येतात, आणि त्या वर्षांत टिकतो तो ज्याला उसनवारीची परतफेड करावयाची नसते असा भागधारक.

तरीही येथे भाबडेपणा नको. एम्प्रेस मिलने शंभराहून अधिक वर्षे नागपूरला भाकरी दिली. पण १९८६ मध्ये ती टाटांच्या हातून गेली, राज्याच्या महामंडळाने चालविली आणि अखेर २००२ मध्ये बंद पडली. कामाच्या पायावर उभी असलेली संस्थादेखील अमर नसते. जन्मभराची सर्व पुंजी एकाच दारात ठेवू नये, हा जुन्या बायकांचा नियम गिरण्यांनाही लागू आहे.

६. अकोल्याहून दिल्लीपर्यंत

स्वातंत्र्यानंतरचे एकच प्रकरण सांगतो, कारण ते वऱ्हाडातले आहे आणि त्याचा फायदा आपण सर्व आजही घेत आहोत. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. पाठोपाठ केरळातील पलाई सेंट्रल बँक बंद पडली. बँकेतली ठेव म्हणजे मागता क्षणी मिळणारा पैसा, असा ठेवीदाराचा समज. ती ‘मागता क्षणी’ ही तारीख बँकेला पाळता आली नाही. देशभर घबराट उडाली. त्यातून ठेवींच्या विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीला संरक्षण मिळाले. ही मर्यादा १९९३ मध्ये एक लक्ष आणि २०२० मध्ये पाच लक्ष रुपये झाली. अकोल्याच्या ठेवीदारांच्या मनस्तापावर ही व्यवस्था उभी आहे.

मात्र हा विमा बँकेतील ठेवींपुरता आहे. माझ्या काकांची पावती बँकेची नव्हती. तिच्यावर मुदत होती, व्याजाचा दर होता, सही होती, विमा नव्हता. त्याच दशकात सागवानाची झाडे लावून काही वर्षांत कित्येक पट रक्कम देण्याची जाहिरात करणाऱ्या योजनाही निघाल्या. झाडाला वाढावयास किती वर्षे लागतात, हे शेतकऱ्यांच्या नातवंडांनी विचारले नाही.

शेअरबाजाराचेही तसेच. एप्रिल १९९२ मध्ये मुंबईचा निर्देशांक ४,४६७ वर गेला आणि रोखे घोटाळा उघडकीस येताच कोसळला. बँकांचा पैसा शेअरांच्या भावाला टेकू देत होता. १८६५ मध्ये तरी दुसरे काय होते? जानेवारी २००८ मध्ये निर्देशांक २१,००० च्या वर होता. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली आणि ऑक्टोबरमध्ये आपला निर्देशांक ८,००० च्या खाली आला. नोव्हेंबर २०१०, दिवाळी, पुन्हा २१,०००. ज्यांनी स्वतःच्या शिल्लक पैशातून चांगल्या, अनेक कंपन्यांचे शेअर घेतले होते, ते या काळात घाबरले असतील, पण बसून राहू शकले. ज्यांनी उसन्या पैशावर घेतले होते, त्यांना दलालाचा निरोप आला आणि सर्वांत वाईट दिवशी विकावे लागले. भाव परत आला तेव्हा ते बाजारात नव्हते.

मात्र धीर धरला की सर्व काही परत येते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. बँक ऑफ बॉम्बेचा ८७ रुपयांचा शेअर धरून बसलेला मनुष्य कितीही धीराचा असला, तरी १८६८ मध्ये त्याच्या हाती फारसे काही लागले नसणार. अनेक कंपन्यांचा मिळून होणारा निर्देशांक उठतो. बुडालेली एकेक कंपनी उठतेच असे नाही.

७. दोन प्रश्न

श्रोतेहो, मी अर्थतज्ज्ञ नाही. पैसा कोठे ठेवावा हा सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. परंतु दीडशे वर्षांच्या या हकीकतींतून दोन प्रश्न मला पुन्हा पुन्हा दिसले, ते आपल्यासमोर ठेवतो.

कोणत्याही कागदावर सही करताना पहिला प्रश्न असा : यावरची तारीख कोणाला बांधणारी आहे? ती मला बांधत असेल, म्हणजे त्या दिवशी मला पैसे द्यावयाचे असतील, तर भाव माझ्या सोयीने वागणार नाही, हे गृहीत धरले पाहिजे. १ जुलै १८६५ ला मुंबईत आणि १८७५ ला सुप्यात हेच घडले.

तारीख दुसऱ्याला बांधत असेल, तर दुसरा प्रश्न : त्या दिवशी त्याच्याजवळ पैसा कोठून येणार? रेल्वेच्या भाड्यातून, कापडाच्या विक्रीतून, सरकारच्या महसुलातून, की माझ्यानंतर ठेव ठेवणाऱ्या शेजाऱ्याच्या खिशातून? काकांनी व्याजाचा दर विचारला होता, मुदत विचारली होती, ओळखीच्या माणसांची नावे विचारली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासताना जमेच्या प्रत्येक रकमेपुढे ते ‘कोठून?’ असे लाल पेन्सिलीने लिहीत. हा एक प्रश्न त्यांनी तेथे विचारला नाही, कारण ओळखीच्या माणसांसमोर तसे विचारणे त्यांना अपमानकारक वाटले असावे. आपल्या समाजाचा हा संकोच फार महागात पडतो. निवृत्तीचे पैसे घेऊन आलेल्या मनुष्याला घरातल्या तरुणांनी हा प्रश्न आदराने, पण स्पष्टपणे, विचारला पाहिजे. त्या वेळी मी नोकरीला लागलेलो होतो आणि काकांच्या घरी दर रविवारी जात होतो. मीही विचारले नाही.

काकांच्या पश्चात ती पावती आम्ही फेकली नाही. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. आज घरातले कोणी नवी योजना घेऊन आले, की मी ती बाहेर काढतो आणि दोघे मिळून त्या छापील तारखेकडे पाहतो. मग चहा होतो आणि बोलणे सुरू होते.